एका केबलची गोष्ट: फायरवायर आणि घरातल्या कॅसेट

आज इतिहास एका केबलचा.

व्हीएचएस किंवा व्हिडिओ 8 चा जमाना ॲनालॉग होता. कॅसेटची कॉपी काढली की चित्र फिकं, कॉपीची कॉपी काढली की आणखी फिकं. 1995 मध्ये डीव्ही फॉरमॅट आला. टेप राहिलीच, पण तिच्यावर आता शून्य आणि एक. त्याच वर्षीच्या सोनी व्हीएक्स 1000 कॅमेऱ्यात फायरवायर पोर्टही होतं.

इंजिनियर म्हणून मला यातली गंमत वाटते ती ही: फायरवायरवर व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड होत नाही, टेपवरचा डेटाच उतरतो. चित्राचे सेकंदाला 25 मेगाबिट, एकूण तासाला साधारण 13 जीबी. 1999 मध्ये ॲपलने आयमॅक डीव्हीसोबत आयमूव्ही दिलं आणि एडिटिंग घरात आलं.

याउलट पिवळी-पांढरी-लाल वायर लावली, तर डिजिटल डेटा आधी ॲनालॉग होतो, मग परत डिजिटल. क्वालिटी जाते ती इथे. आणि बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी मुख्यतः फोटोंसाठीच असायची.

नव्या लॅपटॉपला फायरवायर नाही, चालू कॅमेरेही कमी होतायत. त्यामुळे घरात मिनीडीव्ही कॅसेट असेल, तर फायरवायरवाला जुना कॉम्प्युटर शोधा. तासाच्या टेपला तासभर द्या. मूळ डीव्ही फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपसाठी छोटी कॉपी वेगळी काढा. आजीचा आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये असेल, तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.