चमकीचा हिशोब

२००६-०७ च्या सुमारास तुम्ही ऑर्कुटवर असाल, तर दिवाळीतली ती स्क्रॅपबुकं तुम्हाला आठवत असतील. गुलाबी नाहीतर सोनेरी अक्षरात "शुभ दीपावली", अक्षरांच्या आत सतत लुकलुकणारी चमकी आणि बाजूला एक हलणारी पणती. पन्नास मित्रांनी तेच चित्र पाठवलं की स्क्रॅपबुक उघडायला मिनिटभर लागायचं. गूगलनं जानेवारी २००४ मध्ये सुरू केलेली ही साईट ब्राझील आणि भारतानं डोक्यावर घेतली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ती बंद झाली. नाकं मुरडणारी मंडळी तेव्हाही पुष्कळ होती. मला मात्र या चमकीच्या मागची कहाणी भारी वाटते, कारण तीत गणित आहे, वकील आहेत आणि घरी बसून हौसेनं चित्रं करणारी हजारो माणसं आहेत.

आधी ती चमकी व्हायची कशी ते बघू. खरी चमकी म्हणजे बारीक आरसेच. हात जरा हलला की काही कण चमकतात आणि बाकीचे विझतात. पडद्यावर ना आरसे ना ऊन. मग युक्ती अशी: अक्षराचा आतला भाग निवडायचा, त्यात एक रंग भरायचा आणि त्यावर 'अ‍ॅड नॉइज' फिल्टर मारायचा, म्हणजे काही पिक्सेल उगाचच उजळ होतात आणि काही काळपट. हेच तीनदा करायचं, दर वेळी नव्यानं. या तीन फ्रेम्स एकामागून एक, सेकंदाच्या दहाव्या भागाला एक अशा फिरवायच्या. झाली चमकी! दोनच फ्रेम्स असतील तर डोळा लगेच ओळखतो आणि दुकानावरच्या उघडझाप करणाऱ्या दिव्यासारखं दिसतं. तीन झाल्या की डोळा क्रम शोधायचं सोडून देतो. आणि एकच नॉइज नुसता सरकवला तर चमकी न दिसता कापड ओढल्यासारखं दिसतं. (आमच्या धंद्यात चित्रातला नॉइज काढण्याचा पगार मिळतो. इथे लोक तो हौसेनं घालत होते.)

आता हे सगळं ज्या पेटीत भरायचं, ती पेटी म्हणजे जीआयएफ फाईल. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ साली काढली. मोडेम इतके मंद होते की रंगीत चित्र पाठवायचं तर ते दाबून बारीक करणं भाग होतं. त्यासाठी त्यांनी एलझेडडब्ल्यू ही पद्धत उचलली. यातले एल आणि झेड म्हणजे अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह, इस्राएलच्या टेक्निऑन संस्थेतले दोन प्राध्यापक. त्यांची मूळ कल्पना १९७८ ची. डब्ल्यू म्हणजे टेरी वेल्च, ज्यानं ती सुधारून १९८४ साली एका मासिकात छापली. कल्पना सोपी आहे: एखादा तुकडा पुन्हा आला की तो परत लिहायचा नाही, कोशातला त्याचा क्रमांक लिहायचा.

आणि खरी गंमत इथेच आहे. ही पद्धत पुनरावृत्तीवर जगते आणि नॉइजमध्ये पुनरावृत्ती नसते. म्हणजे जीआयएफला सगळ्यात न मानवणारी गोष्ट कुठली, तर चमकी! २०० बाय २०० पिक्सेलचं चित्र घ्या, २५६ रंगांचा नॉइज भरा. एका फ्रेमचे ४०,००० बाइट, दाबूनही त्याहून कमी नाहीतच, तीन फ्रेम्सचे निदान १,२०,०००. ५६ केच्या मोडेमवर अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा सतरा सेकंद. तेच रंग चारवर आणले तर फाईल साधारण पावपट होते. म्हणून जुन्या चमकीत रंग मोजकेच दिसतात. त्यात सौंदर्यदृष्टी कमी आणि काटकसर जास्त. कडांची पांढरी झालर तशीच: जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक, मधलं काही नाही. पांढऱ्या पानासाठी केलेलं चित्र ऑर्कुटच्या फिक्या निळ्यावर गेलं की झालर उघडी पडायची.

फ्रेममधला वेळ आणि पारदर्शकता ही सोय १९८९ च्या आवृत्तीत आली, पण चित्र अखंड फिरत राहण्याची सोय मूळ नियमात नव्हतीच. ती नेटस्केपनं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आपल्या ब्राउझरसाठी जोडली आणि पुढे सगळ्यांनीच स्वीकारली. ती नसती तर चमकी तीन फ्रेम्समध्ये, सेकंदाच्या आत, संपली असती.

आता वकील. वेल्चच्या पद्धतीवर त्याच्या तेव्हाच्या कंपनीनं, स्पेरीनं, जून १९८३ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता आणि १९८५ साली ते मिळालं. पुढे विलीनीकरणातून ते युनिसिसकडे आलं. कॉम्प्युसर्व्हनं पद्धत मासिकातून घेतली होती. डिसेंबर १९९४ च्या शेवटी दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलं की जीआयएफ बनवणारं सॉफ्टवेअर विकायचं तर परवाना घ्या. प्रोग्रॅमर भडकले. आठवडाभरात थॉमस बुटेलनं नव्या, पेटंटमुक्त स्वरूपाचा पहिला मसुदा मांडला. तेच पुढे पीएनजी झालं. ५ नोव्हेंबर १९९९ ला तर 'सगळे जीआयएफ जाळा' असा दिवसही पाळला गेला.

पीएनजी सरसच आहे, पण ते हलत नव्हतं आणि लोकांना हलणारंच हवं होतं. इंजिनियर मंडळींचं इथे चुकलं असं मला वाटतं: त्यांनी रंगांची अचूकता मोजली, हौस मोजली नाही. अमेरिकेतलं पेटंट २० जून २००३ ला संपलं, युरोप-जपानमधली २००४ मध्ये. तोवर मायस्पेस आणि ऑर्कुट आलेच होते.

चमकी करणारे होते कोण? पेंट शॉप प्रो आणि त्याच्यासोबत मिळणारं अ‍ॅनिमेशन शॉप घेऊन बसणारे हौशी लोक, त्यात बायका खूप. एकीनं केलेले चमकीचे तुकडे दुसरी वापरायची, तिसरी त्यावर धडा लिहायची, चौथी तो धडा गिरवून मैत्रिणीचं नाव सजवायची. आपल्याकडे रांगोळीचे ठिपके वहीतून वहीत उतरतात, तसंच हे. २००६ मध्ये ब्लिंगी आलं आणि प्रोग्रॅम शिकायचीही गरज उरली नाही, क्लिक केलं की फोटोवर चमकी.

या कामाची पहिली मोठी राख २६ ऑक्टोबर २००९ ला झाली. त्या दिवशी याहूनं जिओसिटीज बंद केलं आणि लाखो घरगुती पानं गेली. जेसन स्कॉट आणि त्याच्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी जेवढं उतरवता आलं तेवढं आधी उतरवून ठेवलं. इंटरनेट आर्काइव्हकडेही प्रती होत्या. त्यातून २०१६ साली त्यांनी गिफसिटीज हा शोधसंग्रह उघडला: सुमारे ४५ लाख हलती चित्रं, त्यातली वेगळी १६ लाख. ऑर्कुटवरच्या मराठी दिवाळीचा असा संग्रह मला अजून दिसलेला नाही.

विल्हाइट मार्च २०२२ मध्ये गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर आज आपण ज्याला जीआयएफ म्हणतो ते बहुतेकदा छोटं व्हिडिओच असतं. व्हिडिओ दाबण्याची पद्धत एका फ्रेमवरून पुढची ओळखू पाहते, आणि तीनदा नव्यानं टाकलेला नॉइज तिला ओळखता येत नाही. जुनी एखादी चमकती पणती त्यातून पाठवून बघा: ज्योत ठीक येते, अक्षरांतली चमकी मात्र थोडी लिंपल्यासारखी दिसते.