लिनक्स प्रणालीवरील बिनतारी जोडणी

लॅपटॉप संगणकातील वायफाय कार्ड लिनक्ससारख्या मुक्तस्रोत परिचालन प्रणालीखाली कार्यान्वित करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा मुख्यतः रोखून ठेवलेली माहिती मिळविण्याचा इतिहास होय. परिचालन प्रणाली व यंत्राचा एखादा भाग यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. कार्डावरील चिपला कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यावयाच्या हे ठाऊक असल्याखेरीज ड्रायव्हर लिहिता येत नाही, आणि नेमकी हीच माहिती अनेक उत्पादकांनी दीर्घकाळ गुप्त ठेवली.

लीनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता व बदलता येते. बिनतारी जाळ्यांसंबंधीचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये व त्याची अधिक वेगवान ‘बी’ आवृत्ती १९९९ मध्ये मान्य झाली. मानक प्रसिद्ध असले, तरी ते दोन यंत्रांमधील रेडिओ-संदेशांचे स्वरूप ठरविते. चिप आतून कशी चालवावी, याविषयी ते मौन पाळते. गुप्ततेमागे व्यापारी स्पर्धेखेरीज आणखी एक कारण होते. रेडिओ तरंगांची वारंवारता व प्रक्षेपणाची शक्ती यांवर प्रत्येक देशाचे निर्बंध असतात. चिपचे नियंत्रण खुले केल्यास हे निर्बंध मोडले जातील व त्याचा दोष आपल्यावर येईल, अशी भीती उत्पादकांना वाटे.

या अडचणीतून तीन मार्ग निघाले. पहिला उसनवारीचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनडिसरॅपर’ या आज्ञावलीने विंडोज प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सखाली चालविण्याची सोय केली. यामुळे अनेकांची तात्कालिक गरज भागली. मात्र आतील दोष कोणासही शोधता येत नसत आणि ॲपलच्या तत्कालीन पॉवरपीसी लॅपटॉपांवर हा उपाय चालतच नसे.

दुसरा मार्ग उकल करण्याचा. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपसाठी एका गटाने उपलब्ध ड्रायव्हरची उकल करून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचली. या श्रमविभागणीमुळे स्वामित्वहक्काच्या भंगाचा आक्षेप टाळता आला. हा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. एथेरॉस चिपसाठी ओपनबीएसडी प्रणालीच्या गटाने अशाच रीतीने काम केले होते. त्यात हक्कभंग नसल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या संस्थेने २००७ मध्ये काढल्यावर लिनक्सलाही त्याचा उपयोग झाला.

तिसरा मार्ग उत्पादकांच्या सहकार्याचा. इंटेलने २००३ मध्ये सेंट्रिनो ही लॅपटॉप-मालिका बाजारात आणली व २००४ मध्ये तिच्या वायफाय कार्डासाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर उपलब्ध केला. २००६ मधील पुढच्या ड्रायव्हरबरोबर मात्र प्रक्षेपणाचे नियम सांभाळणारी एक बंदिस्त आज्ञावली चालवावी लागे. टीकेनंतर पुढील वर्षी तीही वगळली गेली. २००७ मध्येच सर्व ड्रायव्हरांना सामाईक असा ‘मॅक८०२११’ हा पाया गाभ्यात आला. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तेच काम नव्याने करण्याची गरज उरली नाही. एथेरॉसने २००८ मध्ये व ब्रॉडकॉमने २०१० मध्ये स्वतःचे मुक्तस्रोत ड्रायव्हर दिले.

तथापि प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. बहुतेक चिपच्या आत फर्मवेअर नावाची स्वतंत्र आज्ञावली चालते व तिची मूळ आज्ञावली उत्पादक उघड करीत नाहीत. तत्त्वासाठी फर्मवेअर वगळणाऱ्या प्रणालींत नवख्या वापरकर्त्याची विचित्र कोंडी होई : जाळ्याशी जोडणीसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर मिळविण्यासाठी जोडणी हवी. डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून स्थापनेच्या संचात असे फर्मवेअर घालण्यास संमती दिली. २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून हा निर्णय अंमलात आला. याउलट, संपूर्ण मुक्ततेचा आग्रह धरणारे लोक बाहेरून फर्मवेअर न लागणारी जुनी एथेरॉस कार्डे शोधून लॅपटॉपमध्ये बसवितात. विकत घेतलेल्या यंत्रावर अंतिम नियंत्रण वापरणाऱ्याचे की बनविणाऱ्याचे, हा या इतिहासातील मूळ वाद ड्रायव्हरच्या पातळीवर बराचसा मिटला असला, तरी फर्मवेअरच्या पातळीवर तो कायम आहे.