दहावी लाइट हॉर्स आणि आपले पूना हॉर्स

कालगुर्लीत आपण आलो ते बहुतेक खाणींच्या नोकरीमुळे. १८९३ साली पॅडी हॅननला येथे सोने सापडले, एवढा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. पण ॲन्झॅक दिनी मुले विचारतात, "हे सैनिक कोण होते?" उत्तर देता यावे म्हणून मी दहाव्या लाइट हॉर्स या रिसाल्याचा इतिहास वाचला; तो थोडक्यात मांडतो.

हा रिसाला ऑक्टोबर १९१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात उभा राहिला. मे १९१५ मध्ये घोडे इजिप्तमध्येच ठेवून स्वारांना गॅलिपोलीला पायदळ म्हणून उतरवले गेले. ७ ऑगस्टच्या पहाटे 'द नेक' या चिंचोळ्या पट्ट्यावर आठव्या रिसाल्याच्या दोन रांगा डोळ्यांदेखत कापल्या गेल्या. दहाव्याचे ले. कर्नल ब्रेझियर यांनी हल्ला थांबवण्याची विनवणी केली. तरी हुकूम कायम राहिला. दोन्ही रिसाल्यांचे मिळून २३४ जण ठार झाले.

त्याच महिनाअखेरीस 'हिल ६०' येथे ह्यूगो थ्रॉसेल जखमी असूनही खंदक सोडेना. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे सिनाई आणि पॅलेस्टाइन पार करून १ ऑक्टोबर १९१८ रोजी पहाटे मेजर ऑल्डन यांच्या हाताखाली हेच स्वार दमास्कसमध्ये शिरले.

जनरल शोव्हेल यांच्या त्याच घोडदळ कोअरमध्ये आपले पूना हॉर्सही होते. १८१७ साली पुण्यात उभे राहिलेले आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला इंग्रजांकडून लढलेले तेच हे दळ! ऑस्ट्रेलियन घोड्यांना 'वेलर' हे नावसुद्धा हिंदुस्थानातच पडले. युद्ध संपल्यावर रोगराईच्या भीतीने घोडे मायदेशी आणले नाहीत. काही हिंदी घोडदळाकडे गेले, म्हातारे गोळी घालून मारले गेले. महायुद्धासाठी परदेशी गेलेल्या सव्वा लाखाहून अधिक घोड्यांपैकी एकच परत आला.

थ्रॉसेल परतला. १९१९ साली नॉर्थॅमच्या शांतता समारंभात, युद्धाने मला समाजवादी केले, असे त्याने जाहीरपणे सांगितले. कालचा वीर अनेकांना नकोसा झाला. कर्जात बुडून १९३३ साली त्याने जीवन संपवले. त्याची पत्नी कॅथरीन सुसॅना प्रिचर्ड हिने पुढे आपल्या याच सुवर्णक्षेत्रावर तीन कादंबऱ्या लिहिल्या.

मुलांना त्याचे पदक सांगताना ते भाषणही सांगावे, असे मला वाटते. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढण्याचा अनुभव आपल्याही पूर्वजांना आहे. त्यामुळे ते भाषण समजायला आपल्याला फारसे कठीण जाऊ नये.