सागवानी कॅमेरा आणि बाबांचं कव्हर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती कारखाने उष्ण देशांसाठी खास ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे बनवू लागले. दमट हवेत चामडं बुरसतं, सरस सुटतो. म्हणून अंग उघड्या सागवानाचं, सांध्यांना पितळी पट्ट्या. भाता मात्र चामड्याचाच! अनेकदा भूर्जाचं तेल मुरवलेलं लाल ‘रशियन’ चामडं. त्या वासाने कीड लांब राहते म्हणे. कीड पळेलही, पण आमच्या धाटावचा पाऊस कुठे पळतो?

बाबांच्या, बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीला चामडी कव्हर आहे. जून लागला की मी दोघांची ताटातूट करते, नाहीतर चामड्यातली बुरशी भिंगावर चढते. कॅमेरा घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत. कव्हर वाऱ्यावर, कोरड्या फडक्याने पुसून. आई म्हणते, टाक ते. पण पट्टा बाबांच्या खांद्याने गुळगुळीत झालाय.