गोवळकोंड्याचा राजा आणि कझानचा सोलोर

आमच्या घरी बॅले आला तो मामूंच्या पेटीतून. मामू जहाजावर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात निम्म्या घरांतले पुरुष बोटीवरच असत, त्यामुळे सुट्टीवर आलेल्या माणसाच्या पेटीत काय निघेल याचा नेम नसे. १९९३ च्या सुमारास लंडनहून आणलेल्या दहा-बारा व्हिडिओ कॅसेटी त्यांनी माझ्यापुढे ओतल्या. त्यातली एक मी उचलली ती चित्रासाठी नव्हे, नावासाठी. वेष्टनावर इंग्रजीत लिहिले होते, इरेक मुखामेदोव. त्यावर आणखी एक नाव, अल्तिनाय असिलमुरातोवा.

अब्बा शाळेत इतिहास शिकवत. नाच-गाण्याच्या कॅसेटींना त्यांची हरकत असे. पण मी ते नाव वाचून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि वेष्टन हातात घेतले. “रशियन जबानीत ‘ह’ नाही, म्हणून ‘ख’ झालाय,” ते म्हणाले. “मुखामेदोव म्हणजे मुहम्मदच. आणि दुसरीच्या नावात ‘मुराद’ आहे बघ. लाव ती.”

असा मी ‘ला बायादेर’ पहिल्यांदा पाहिला. त्याला आता तीस वर्षे उलटली. प्रत्यक्ष रंगमंचावर तो पाहण्याचा योग अजून आलेला नाही; कॅसेट, सीडी, डीव्हीडी आणि आता मोबाइल, एवढीच माझी धाव. तरीही लंडन, पॅरिस किंवा सेंट पीटर्सबर्गचा नवा हंगाम जाहीर झाला की मी दोन गोष्टी पाहतो. ‘बायादेर’ आहे का, आणि असेल तर कोणत्या रात्री कोण नाचणार. बॅलेत एकाच हंगामात एकाच भूमिकेसाठी तीन-चार, कधी त्याहून जास्त नर्तक आलटून पालटून उभे राहतात. माझ्यासारख्या शौकिनांचे निम्मे वाद याच यादीवरून होतात. मी मात्र ती यादी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ती सवय अब्बांमुळे लागली.

कथा थोडक्यात सांगतो. निकिया ही देवळातली नर्तकी आणि सोलोर हा योद्धा, दोघांचे प्रेम. गोवळकोंड्याचा राजा आपली मुलगी गम्झात्ती सोलोरला देऊ करतो, आणि सोलोर नाही म्हणत नाही. फुलांच्या परडीत दडवलेला साप निकियाला डसतो आणि ती मरते. अफूच्या धुंदीत सोलोरला छायांच्या राज्यात ती पुन्हा दिसते.

पहिल्या पाच मिनिटांत आगीभोवती उड्या मारणारे फकीर आले आणि नानी म्हणाल्या, “फकीर देवळात काय करतायत?” राजा आला तेव्हा अब्बा हसले. “गोवळकोंड्याला कुतुबशाह होते. १५१८ ते १६८७. हा राजा कुठला?” राजाचे नाव दुग्मंता. आमच्यापैकी कोणालाच ते ओळखू आले नाही. आज वाटते, तो कुठेतरी वाटेत हरवलेला दुष्यंत असावा.

तसे वाटण्याला कारण आहे. ‘बायादेर’ हा शब्दच आपल्या किनाऱ्यावरून गेलेला. पोर्तुगीज भाषेत नर्तकीला ‘बायलादेरा’ म्हणतात, आणि गोव्यातल्या देवळांतल्या कलावंतिणींना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. फ्रेंचांनी त्याचे ‘बायादेर’ केले. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या एका देवळातल्या खऱ्या देवदासी पॅरिसला नाचून आल्या. त्यांच्यातल्या अमनी नावाच्या नर्तकीने लेखक तेओफिल गोतिए भारावून गेला. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, त्याने शाकुंतलावरून पॅरिस ऑपेरासाठी बॅलेची कथा लिहिली. तो बॅले बसवणारा ल्युसियाँ पेतिपा हा मारियुस पेतिपाचा थोरला भाऊ. धाकट्या मारियुसने १८७७ च्या फेब्रुवारीत सेंट पीटर्सबर्गला ‘ला बायादेर’ रंगमंचावर आणला. संगीत लुडविग मिंकुसचे, निकिया झाली होती येकातेरिना वाझेम. मारियुस हिंदुस्थानात कधी आला नव्हता. मशीद, देऊळ, फकीर, ब्राह्मण, राजा, वाघ, सगळे त्याने एका पातेल्यात शिजवले.

या खिचडीवर आज रागावणे सोपे आहे, आणि काही बाबतींत ते रास्तही आहे. या बॅलेत लहान मुलांचा एक नाच असतो. त्या मुलांना काळे रंगवून उभे करण्याची चाल होती आणि नाचाचे फ्रेंच नावही तसेच हिणकस होते. २०१५ मध्ये पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा तेव्हाचा संचालक बेंजामिन मिलपिए याने ते बदलून ‘मुलांचे नृत्य’ केले. २०१९ मध्ये अमेरिकेची नर्तकी मिस्टी कोपलंड हिने मॉस्कोच्या बोल्शोईतल्या काळे रंगवलेल्या मुलींचे छायाचित्र जगापुढे ठेवले, तेव्हा बोल्शोईने ती आपली परंपरा असल्याचे सांगून बदलायला नकार दिला. माझे मत विचाराल तर मिलपिए बरोबर होता. रंग पुसल्याने पेतिपाच्या नृत्यातले एक पाऊलही कमी होत नाही. जे गेल्याने कलाकृतीचे काहीच जात नाही, त्याला परंपरा म्हणून कवटाळायचे कशाला?

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो त्या पहिल्या रात्रीच पडला. हिंदुस्थानच्या या खोट्या गोष्टीत सोलोर होऊन उभा असलेला तो तातार कझानहून लंडनला कसा पोहोचला? आणि निकिया झालेली ती कझाक मुलगी अल्मा-आताची कशी?

त्याचे उत्तर सोव्हिएत राजवटीत आहे, आणि ते सरळ नाही. ज्या राजवटीने मशिदी बंद केल्या, मौलवींना तुरुंगात घातले, तातारांची अरबी लिपी काढून आधी लॅटिन आणि मग रशियन लिपी लादली, त्याच राजवटीने १९३० च्या दशकात उफा, कझान, ताश्कंद, अल्मा-आता येथे ऑपेरा आणि बॅलेची थिएटरे उभी केली. या प्रजासत्ताकांतली हुशार मुले निवडून लेनिनग्राडच्या नृत्यशाळेत पाठवली. मुखामेदोव, असिलमुरातोवा, ताश्कंदचा फारूख रुझिमातोव ही त्याच व्यवस्थेची पुढची फळे. यांना ‘आपले’ म्हणून मिरवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. या नर्तकांच्या नावातला इस्लाम त्यांच्या आजोबांचा होता. त्यांच्या पायांतले शिक्षण झारच्या दरबारातून आलेले. दोन्ही खरे आहे आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

या सगळ्यांच्या आधीचा आणि सगळ्यांत मोठा म्हणजे रुदोल्फ नुरेयेव. त्याच्याही नावात नूर आहे. आई फरीदा, वडील हामेत, दोघेही तातार मुसलमान शेतकरी कुटुंबांतले. वडील मात्र लाल सैन्यात राजकीय अधिकारी झाले होते. जन्म १९३८ चा, सैबेरियातून धावणाऱ्या रेल्वेगाडीत. युद्धाच्या वर्षांत हे कुटुंब उफामध्ये उपाशीपोटी दिवस काढत होते. अशा दिवसांत, नववर्षाच्या पूर्वसंध्येला, फरीदाने एका तिकिटावर आपली चारही मुले थिएटरात घुसवली. आत बश्कीर लोककथेवरचा ‘सारसांचे गाणे’ हा बॅले चालू होता आणि मुख्य भूमिकेत होती झैतुना नसरेतदीनोवा. सात वर्षांच्या रुदोल्फने त्या रात्री ठरवले की आपण नाचायचे. वडिलांचा विरोध होता.

माझ्या मते बॅलेच्या इतिहासातली ही फार महत्त्वाची रात्र आहे. त्या भूमिकेत लेनिनग्राडहून आलेली कोणी पाहुणी असती तर त्या मुलाला नाच सुंदर वाटला असता, पण तो आपल्याला करता येईल असे वाटले असते का? रंगमंचावर झैतुना होती. शेजारच्या घरातल्या बाईचे असावे तसे तिचे नाव. भूमिका कोणाला मिळते याला मी इतके महत्त्व का देतो, ते या एका उदाहरणात आले.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. लेनिनग्राडच्या किरोव बॅलेत तो झपाट्याने वर आला. १९५८ मध्ये नताल्या दुदिन्स्काया हिने त्याला ‘लॉरेन्सिया’साठी जोडीदार म्हणून निवडले, ती तेव्हा चाळिशी ओलांडलेली मोठी नर्तकी, हा विशीचा पोरगा. १९६१ च्या पॅरिस दौऱ्यात त्याने ‘बायादेर’मधला छायांचा अंक नाचला आणि पॅरिस वेडे झाले. १६ जून रोजी कंपनी ल बुर्जे विमानतळावरून लंडनला निघाली असता त्याला एकट्याला मॉस्कोला परतण्याचा हुकूम झाला. तो फ्रेंच पोलिसांकडे गेला आणि तिथेच राहिला. आईला पुन्हा भेटण्याची परवानगी मिळाली ती १९८७ मध्ये. ती तेव्हा मरणपंथाला लागली होती.

जाताना सामान त्याच्याजवळ नव्हतेच, पण ‘बायादेर’ होता, अंगात मुरलेला. १९६३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल बॅलेसाठी छायांचा अंक बसवला. निकिया मार्गो फाँटेन, आणि तीन मुख्य छाया म्हणून लिन सीमोर, मर्ल पार्क आणि मोनिका मेसन. असा संच पुन्हा जमला नाही असे जुने शौकीन म्हणतात. पुढे नताल्या माकारोवा हीदेखील किरोव सोडून पश्चिमेत आली. तिने १९८० मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन बॅले थिएटरसाठी पूर्ण ‘बायादेर’ उभा केला. पहिल्या प्रयोगात निकिया ती स्वतःच होती, पण पहिल्या अंकात तिला दुखापत झाली आणि मारियाना चेरकास्की हिने प्रयोग तडीस नेला. मामूंच्या कॅसेटवरचा बॅले ही माकारोवाचीच रचना.

आता माझी मते. मुखामेदोव हा बोल्शोईच्या मुशीतला. रेषेची सफाई त्याच्यापेक्षा इतरांत जास्त सापडेल, पण त्याच्या उडीला वजन आहे. पस्तावलेला योद्धा त्याच्यात दिसतो. असिलमुरातोवाची मान आणि डोळे जे सांगतात ते मूकनाट्याच्या खुणांना सांगता येत नाही. गम्झात्ती झालेली डार्सी बसेल तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. नाचते देखणी, पण तिच्या सूडाची भीती वाटत नाही. ती वाटते पॅरिसच्या चित्रफितीतल्या एलिझाबेथ प्लातेलची.

ते पॅरिसचे ‘बायादेर’ म्हणजे नुरेयेवचे शेवटचे काम. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी पॅले गार्निएमध्ये पहिला प्रयोग झाला. निकिया इझाबेल गेराँ, सोलोर लोराँ इलेर, गम्झात्ती प्लातेल. नुरेयेव एड्सने खंगला होता. प्रयोग संपल्यावर तो दोघांच्या आधाराने रंगमंचावर आला आणि सारे थिएटर उभे राहिले. ६ जानेवारी १९९३ रोजी तो गेला, वय ५४. पॅरिसजवळच्या त्याच्या कबरीवर रंगीत मोझेइकचा एक गालिचा अंथरला आहे. तो धर्म पाळणारा नव्हता, पण गालिच्यांचा त्याला शौक होता.

माकारोवाच्या रचनेत शेवटी देवांचा कोप होऊन देऊळ कोसळते आणि अन्यायाचा हिशेब चुकता होतो. नुरेयेवच्या रचनेत देऊळ कोसळतच नाही. छायांच्या अंकातच पडदा पडतो. लहानपणी मला कोसळणारे देऊळ आवडे. आज मला नुरेयेवचा शेवट खरा वाटतो. छायांच्या अंकात तो सगळा बनावट हिंदुस्थान नाहीसा होतो. फकीर नाहीत, राजा नाही, रंगवलेली मुले नाहीत. अंधारात एका उतरणीवरून पांढऱ्या वेषातली एक नर्तकी येते, एक पाय मागे उंच नेत पुढे झुकते, सावरते, दोन पावले पुढे टाकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्यांच्या पुढे असलेली नर्तकी तीच कृती तीसहून अधिक वेळा करते आणि शेवटच्या वेळी तिचा पाय थरथरला तर सबंध रांगेची शोभा जाते. जमाअतीत उभे राहिलेल्या माणसाला रांगेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पॅरिसच्या बत्तीस नर्तकींची रांग मला सर्वांत निर्दोष वाटते. हा अंक हिंदुस्थानचा नाही की रशियाचा नाही, आणि म्हणूनच कझान, ताश्कंद, अल्मा-आता कुठूनही आलेल्या माणसाला त्यात जागा झाली.

आपल्याकडच्या माणसाला ती कधी होईल? २०१७ मध्ये मुंबईच्या एका वेल्डरचा मुलगा आमिरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली. त्याने कोणती भूमिका करावी हे सांगणारा मी कोण? पण नव्या हंगामाची यादी वाचताना सोलोरच्या ओळीवर माझी नजर हल्ली जरा जास्त रेंगाळते.

त्या पहिल्या रात्री अब्बा गोवळकोंड्यावर हसत होते, ते छायांचा अंक सुरू झाल्यावर गप्प झाले. नानी झोपल्या होत्या. शेवटची नर्तकी उतरून रांगेत उभी राहिली तेव्हा ते हळूच म्हणाले, “चोवीस.” ते मोजत होते. मग त्यांनी मला कॅसेट मागे घ्यायला सांगितली.