यकृताचा ताठरपणा आणि हृदयाचे निदान

धाप लागलेला रुग्ण तातडीच्या विभागात आला, की दोष हृदयाचा की फुफ्फुसाचा, हा पहिला प्रश्न असतो. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त नीलांमध्ये तुंबते. यकृत सुजून ताठर होते. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या तंत्रानुसार बरगड्यांवरून सौम्य कंपलहर सोडून हा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. निरोगी यकृतात तो साधारण ५ असतो. लघवी वाढविणाऱ्या औषधांनी तुंबलेपण ओसरले की आकडाही उतरतो. मात्र सिकलसेल व मद्यजन्य यकृतविकारांतही तो वाढतो. सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असलेल्या चंद्रपूर, गडचिरोलीत म्हणूनच केवळ आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल. ईसीजी, इको व रक्ततपासणीची जोड आवश्यकच आहे.