उखळापासून उद्योगापर्यंत : चोरडिया दांपत्याचे स्मरण

व्यापाराचा इतिहास बहुधा दुकानाच्या पाटीवरून लिहिला जातो. पाटीवर ज्याचे नाव, तो संस्थापक ठरतो. पेढीवर बसलेल्यांची नावे चोपड्यांत सापडतात. माजघरात ज्यांनी निवडले, भाजले, कुटले, त्यांची नोंद रोजमेळात होत नाही. जैन समाजाची व्यापारी परंपराही या दोषातून सुटलेली नाही. म्हणूनच पुण्यातील ‘प्रवीण मसालेवाले’ या उद्योगाची उभारणी स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १९६२ साली हा व्यवसाय सुरू झाला आणि त्याचे संस्थापक म्हणून श्री. हुकमीचंद चोरडिया व सौ. कमलबाई चोरडिया या पतिपत्नींची नावे जोडीने घेतली जातात. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. या धंद्याचे स्वरूपच असे होते की, दोहोंपैकी एकाचाही हात नसता तर तो उभा राहिला नसता.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांची वाताहत झाली. त्या आघातातून शहर सावरत असतानाच त्याचे रूपही पालटत होते. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्येच आला होता; महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. नोकरीच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील कुटुंबे शहरात येऊ लागली. गावाकडच्या घरात अंगण होते, उखळ-मुसळ होते, मदतीला जावा-नणंदा होत्या. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यांतले काहीच नव्हते. जिभेला मात्र गावचीच चव हवी होती.

वर्षाचा मसाला करणे हे तेव्हा घरातील मोठे कार्यच असे. उन्हाळ्यात मिरच्या आणून त्यांना कडक ऊन द्यायचे, देठ खुडायचे. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, असे त्यांचे प्रमाण ठरवायचे. धने, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल हे सारे निरनिराळे भाजायचे, कारण प्रत्येक जिन्नसाला आच वेगळी लागते. घाटावरच्या कांदा-लसूण मसाल्यात तर आणखी एक परीक्षा असे. कांदा चिरून, वाळवून तळायचा आणि त्यात ओलाव्याचा अंशही राहू द्यायचा नाही. ओल राहिली की वर्षभराची बरणी बुरशीने वाया जाई. मग ठसका सोसत कांडप करायचे आणि हिंगाचे खडे घालून बरणीचे तोंड बांधायचे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे हातोहात येत असे.

चोरडिया दांपत्याच्या व्यवसायाचे खरे भांडवल हेच होते. मसाल्याची जाण आणि हाताची चव कमलबाईंची. बाजाराची पारख आणि ग्राहकापर्यंत पोहोचण्याची धडपड हुकमीचंदजींची. घरी तयार झालेला माल विकायचा, आलेल्या पैशातून पुन्हा मिरची-धने घ्यायचे, अशा वाटेने घरगुती उद्योग पुढे सरकतो. बाजारात नाव नसलेल्या माणसाला प्रत्येक गिऱ्हाईक नव्याने जोडावे लागते आणि ते टिकते ते केवळ मालाच्या गुणावर. एका पुडीत चव बिघडली, तर पुढची पुडी घेण्यास कोणी येत नाही. म्हणजे विक्री करणाऱ्याचा शब्द खरा ठरणे हे भाजणाऱ्याच्या हातावर अवलंबून होते, आणि भाजणाऱ्याच्या कष्टाचे मोल विकणाऱ्याच्या पायपिटीवर.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जैन आहारपरंपरेत कंदमुळे वर्ज्य मानली जातात. असे असता या जैन दांपत्याच्या उद्योगाची पहिली ओळख कांदा-लसूण मसाल्याने झाली. कोणास यात विसंगती वाटेल. परंतु ज्या प्रदेशात राहायचे, तेथील लोकांच्या मुखी काय रुचते हे ओळखणे हा व्यापाऱ्याचा पहिला धर्म होय. आपल्या स्वयंपाकघराची चौकट निराळी आणि शेजाऱ्याच्या ताटाविषयीचा आदर निराळा. राजस्थानी वळणाच्या कित्येक घराण्यांनी मराठी मुलुखात पिढ्यान् पिढ्या वास्तव्य केले, भाषा आत्मसात केली. मराठी जेवणाची चवच जाणून घेऊन ती मराठी घरांना परत देणे हा त्याच एकरूपतेचा पुढचा टप्पा म्हणावा लागेल.

घरातील मसाला कारखान्यात नेणे ही मात्र सोपी गोष्ट नव्हे. गृहिणी अंदाजाने मूठ भरते. कारखान्यास वजन लागते. वेगाने दळताना यंत्र तापते आणि त्या उष्णतेने मसाल्यातील सुगंधी तेल उडून जाते. मिरचीचा रंग व तिखटपणा दर हंगामात बदलतो, तरी पाकिटातील चव बदलून चालत नाही. कमलबाईंच्या पिढीच्या ‘अंदाजा’ला तराजूत उतरवणे, हेच या उद्योगापुढचे खरे शास्त्र होते. ते साधले म्हणूनच पुढे हडपसर औद्योगिक वसाहतीत व्यवसायाचा विस्तार झाला, ‘अंबारी’ आणि ‘सुहाना’ ही नावे घरोघरी पोहोचली आणि पुढील पिढ्यांनी हा वारसा सांभाळला.

याच सुमारास, १९५९ मध्ये, मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. स्वयंपाकघरातील ज्ञान हीदेखील पुंजी असते, हे त्या पिढीतील स्त्रियांनी बोलून नव्हे, करून दाखवले.

आपल्या धर्मपरंपरेस हे नवे नाही. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असा चतुर्विध संघ भगवान महावीरांनी स्थापिला. कल्पसूत्रात त्या संघाची गणना दिली आहे : श्रावक १,५९,०००, तर श्राविका ३,१८,०००. श्राविकांची संख्या श्रावकांत मिळवून टाकलेली नाही. ती स्वतंत्र मोजली आहे आणि त्यांच्यात अग्रणी म्हणून सुलसा व रेवती यांची नावेही नोंदवली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाचा जमाखर्च इतका चोख ठेवणाऱ्या समाजाने आपल्या घराघरांतील कमलबाईंची नोंद मात्र ठेवलेली नाही.

प्रत्येक गावात अशी एखादी पेढी असते, जिच्या पहिल्या दिवसांत कोणा गृहिणीने धान्य निवडले, पुड्या बांधल्या, रात्री हिशेब जुळवला, प्रसंगी अंगावरचा दागिना काढून दिला. त्यांतील काही माता-भगिनी आज थकल्या असतील. पण त्यांना सारे आठवत असेल. त्यांच्याजवळ बसून ते विचारून घेण्याचे आणि लिहून ठेवण्याचे काम अद्याप करता येण्याजोगे आहे. चोरडिया दांपत्याचे स्मरण करताना तेवढा संकल्प झाला, तर ते स्मरण सार्थकी लागेल.